भिडू जमवायचे कसे? रोल-प्लेइंग खेळाचा पहिला गट

नियमांचं पुस्तक वाचून झालेलं असतं. सात फाशांचा संच घरी आलेला असतो: चार, सहा, आठ, बारा आणि वीस पैलूंचा एकेक, दहा पैलूंचे दोन. कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राची माहिती भरायच्या कागदावर, नाव, हत्यार, स्वभाव, अगदी लहानपणीचं दुःखसुद्धा भरून झालेलं असतं. आणि मग लक्षात येतं, की समोर बसायला कोणीच नाही. एकट्याने खेळायचे प्रकारही निघालेत, ते वाईट नाहीत. पण आपलं बोलणं ऐकून समोरचा माणूस काहीतरी भलतंच करून बसतो, ती मजा त्यात येत नाही. त्यासाठी भिडूच लागतात.

ज्यांनी हे प्रकरण नुसतं ऐकलंय त्यांच्यासाठी चार ओळी. एक जण मास्टर होतो; जग, त्यातली माणसं आणि संकटं त्याच्या हातात. बाकीचे एकेका पात्राच्या तोंडून बोलतात. 'मी दार ढकलते' असं कोणी म्हणालं, की दार उघडतं की नाही हे कधी मास्टर सांगतो, कधी फासे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून हे सुरू झालं, आणि आज भयकथेपासून हेरगिरीपर्यंत हव्या त्या बाजाचे खेळ मिळतात. मास्टर धरून चार-पाच जण असले की टेबल छान भरतं. तिघांतही रंगतं. आठ झाले, की आपली पाळी यायला इतका वेळ लागतो की अर्धे लोक फोनमध्ये शिरतात.

म्हणजे शोधायची आहेत जेमतेम चार माणसं. तरीही महिनोन्महिने गट जमत नाही. माणसं नसतात म्हणून नव्हे; आपण मागतो फार आणि सांगतो मोघम, म्हणून. 'दर आठवड्याला, वर्षभर, एका अनोळखी खेळासाठी' एवढं वचन कोण देईल? एका संध्याकाळचं मात्र बरेच जण देतात. हे एक डोक्यात ठेवलंत तर पुढचं बरंचसं आपोआप सुचेल.

१. बसायचंय की बसवायचंय?

रस्ते दोन. चालू गटात रिकामी जागा शोधायची, नाहीतर स्वतः मास्टर होऊन गट उभा करायचा. नवखे जवळजवळ सगळे पहिल्या रस्त्याला लागतात आणि तिथेच ताटकळत राहतात, कारण खेळायला तयार असलेले ढीगभर आणि खेळवायला तयार असलेले मोजके, हे सगळीकडे सारखंच आहे. कुणी दोन जागांची जाहिरात टाकली की त्यावर माणसं तुटून पडतात, आणि त्या गर्दीत 'मी नवीन आहे' म्हणणारा मागे राहतो.

म्हणून माझा सल्ला जरा उलटा आहे: एका संध्याकाळपुरते तुम्हीच मास्टर व्हा. जाडजूड पुस्तक पाठ करायची काहीच गरज नाही. एका पानात मावणारे खेळ आहेत. जॉन हार्पर यांच्या 'लेझर्स अँड फीलिंग्ज'मध्ये प्रत्येक पात्राला दोन ते पाचमधला एकच आकडा असतो. डोकं चालवायचं काम असेल तर फाशावर त्याहून कमी पडायला हवं, मन चालवायचं असेल तर जास्त. नियम म्हणून मुख्य गोष्ट एवढीच. ग्रँट हॉविट यांच्या 'हनी हाइस्ट'मध्ये सगळे खेळाडू अस्वलं असतात आणि मधावर दरोडा घालायला निघतात. मोठेच खेळ हवे असतील तरी आधी खर्च करू नका. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे मूलभूत नियम इंटरनेटवर फुकट आहेत, 'पाथफाइंडर'चे तर जवळजवळ सगळेच.

मास्टर व्हायचंच नसेल तर तेही ठीक. मग तिसरी पायरी तुमच्यासाठी महत्त्वाची.

२. ओळखीच्या लोकांना कसं विचारायचं

आधी यादी करा, पण 'यांना रोल-प्लेइंग आवडेल का' असं विचारून करू नका, कारण उत्तर त्यांनाही माहीत नसतं. बोर्ड गेम खेळणारे, पत्त्यांचा डाव रात्री उशिरापर्यंत लांबवणारे, नाटकात काम केलेले, कादंबऱ्या वाचणारे, गप्पांत दुसऱ्याची नक्कल हुबेहूब करणारे, अशी नावं काढा. शेवटच्या प्रकारातली माणसं सोनं असतात. दोघं एकमेकांचे घट्ट मित्र असतील तर दोघांना एकदमच बोलवा. एकटा येणारा शेवटच्या क्षणी कच खातो, जोडीने येणारे एकमेकांना ओढून आणतात.

आता विचारायचं कसं. 'कधीतरी रोल-प्लेइंग खेळूया का?' याला सगळे 'हो हो, नक्की' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. मी दोन वर्षं असे 'नक्की' गोळा केले. पहिला डाव लागला तो या निरोपावर:

'रविवारी चार वाजता माझ्याकडे ये. आपण चौघं मिळून एक दरोडा घालणार आहोत, मधाचा. तू अस्वल आहेस. सातला संपेल. काही वाचून यायचं नाही, काही आणायचं नाही. येतोस का, आज रात्रीपर्यंत सांग.'

यात वार आहे, वेळ आहे, संपायची वेळ आहे (ती फार महत्त्वाची, अडकून पडायची भीती तिने जाते), तयारी नको हे आहे, आणि उत्तराची मुदत आहे. 'रोल-प्लेइंग' हा शब्दच नाही, कारण त्याने काही जण उगाच बिचकतात, त्यांना वाटतं आता आवाज काढून अभिनय करावा लागणार. तसं काही लागत नाही. 'माझं अस्वल गुपचूप खिडकीतून आत जातं' एवढं म्हटलं तरी पुरतं.

'मी नुसतं बघायला येतो' म्हणणारे हमखास एकदोन असतात. त्यांना नाही म्हणू नका, पण खुर्ची टेबलापासून लांबही देऊ नका. आमच्या त्या पहिल्या डावात मैत्रिणीचा भाऊ असाच आला होता. दीड तास भिंतीला टेकून गप्प. अस्वलं पहारेकऱ्यासमोर सापडली, सगळे हत्यारांच्या गोष्टी करायला लागले, तेव्हा तो हळूच म्हणाला, 'पण त्या एकाच्या डोक्यावर टोपी आहे ना? मग ते अस्वल आहे हे त्याला कळलंच कशाला?' टेबलावर क्षणभर शांतता. मी फासा त्याच्यासमोर सरकवला. पाच पडले, पहारेकऱ्याने अस्वलाला सलाम ठोकला, आणि पुढच्या वेळी सगळ्यात आधी तोच आला. लहानपणी खेळात कच्चा लिंबू घ्यायचो ना, तसं घ्यायचं अशा माणसाला: नियमांचं ओझं नाही, बाद व्हायची भीती नाही, पण डावात मात्र आहे.

३. ओळखीत कोणी नसेल तर

प्रत्यक्ष भेटून खेळायचं असेल तर बोर्ड गेमची दुकानं आणि कॅफे, वाचनालयं, महाविद्यालयांतले क्लब इथून सुरुवात करा. नुसती जाहिरात चिकटवून येऊ नका. तिथे बोर्ड गेमच्या एखाद्या बैठकीला जाऊन दोन डाव खेळा, कोण कसं हरतं ते बघा. हरल्यावर हसणारा माणूस दिसला की त्याच्याशी ओळख काढा.

एकट्या नवख्याला सगळ्यात सोयीचं म्हणजे संघटित खेळ: 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची 'ॲडव्हेंचरर्स लीग', 'पाथफाइंडर'ची २००८ पासून चालणारी 'पाथफाइंडर सोसायटी'. नियम सगळ्या टेबलांवर सारखे, आणि तुमचं पात्र या टेबलावरून त्या टेबलावर जसंच्या तसं नेता येतं. त्यामुळे कोणालाही न ओळखता जाऊन बसता येतं. गोष्ट थोडी साचेबंद असते, हे खरं. पण तिथे जायचं ते गोष्टीसाठी नाही, माणसं हेरायला. दोन-तीन बैठकांत ज्या दोघांशी सूर जुळला त्यांना म्हणायचं, 'बाहेर आपला वेगळा डाव लावूया का?' मी पाहिलेले बरेच टिकलेले गट असेच निघालेत.

संमेलनांचंही तसंच. गायगॅक्स यांनीच १९६८ साली सुरू केलेल्या 'जेन कॉन'पासून आजच्या लहानमोठ्या मेळाव्यांपर्यंत सगळीकडे चार तासांचे सुटे डाव लागतात. २००७ पासून 'फ्री आरपीजी डे' (आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम) नावाचा दिवसही साजरा होतो, त्या दिवशी भाग घेणाऱ्या दुकानांतून नव्या खेळांच्या पुस्तिका फुकट वाटतात आणि डाव मांडतात.

ऑनलाइन जायचं तर 'रोल२०'सारख्या साइटवर गट शोधायची वेगळी सोय आहे, 'रेडिट'वर केवळ भिडू शोधण्यासाठी चालणारा समूह आहे, आणि बहुतेक खेळांचे स्वतःचे 'डिस्कॉर्ड' सर्व्हर, म्हणजे गप्पांचे ऑनलाइन अड्डे, असतात. मला यातले सर्व्हर जास्त आवडतात, कारण अर्ज करायच्या आधी आठवडाभर नुसतं वाचत बसता येतं आणि कोण कसं बोलतं ते कळतं. तीन गोष्टी मात्र सांभाळा. वेळ दिली असेल तर ती कुठली, हे यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, मोजून घ्या. काही देशांत घड्याळ वर्षातून दोनदा तासभर पुढेमागे होतं आणि जमलेले गट तेवढ्याने मोडतात. जाहिरात शेवटपर्यंत वाचा, कारण पुष्कळ मास्टर मध्येच एखादा छोटा प्रश्न पेरून ठेवतात आणि त्याचं उत्तर न देणाऱ्याचा अर्ज बाजूला टाकतात. आणि पैसे घेऊन खेळवणारे व्यावसायिक मास्टरही असतात. त्यात गैर काही नाही, पण आकार किती आणि दर बैठकीला की एकदाच, हे आधी विचारा.

ज्यांच्या वेळेचा भरवसाच नाही, त्यांच्यासाठी लिहून खेळायचे गट आहेत. दिवसातून एखादा परिच्छेद टाकायचा, बस. सावकाश चालतं, पण पाळीपाळीने काम करणाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांच्या आईबापांना तेच जमतं.

४. जाहिरात लिहिताना

'डंजन्स अँड ड्रॅगन्ससाठी खेळाडू हवेत, इच्छुकांनी संपर्क साधावा.' यावर चार प्रकारचे चौघे येतील आणि चौघांना वेगवेगळं काहीतरी हवं असेल. त्याऐवजी हे बघा:

'नवा गट, नवखे चालतील. शनिवारी संध्याकाळी ६ ते ९, आधी फक्त एक डाव. सगळ्यांना आवडलं तर पुढे पंधरा दिवसांतून एकदा. चार जागा, दोन भरल्या. एक पडकं दीपगृह, दिवा मात्र रोज रात्री कोणीतरी लावतं. भीती आहे, रक्तपात फारसा नाही. मारामारीपेक्षा बोलणं आणि शोधणं जास्त. वय १८ च्या पुढे. फासे आणि तयार पात्रं माझ्याकडे आहेत. यायचं असेल तर दोन ओळी लिहा: त्या दीपगृहात तुमचं पात्र कशासाठी चाललंय, आणि शनिवारी संध्याकाळी तुम्ही खरंच मोकळे असता का?'

'दोन भरल्या' वाचून माणसाला वाटतं, इथे काहीतरी घडतंय. दीपगृहाची ओळ गळ टाकते. 'मारामारीपेक्षा बोलणं जास्त' वाचून ज्याला राक्षस कापायचेत तो आपण होऊन दुसरीकडे जातो, दोघांचाही वेळ वाचतो. आणि शेवटचे दोन प्रश्न म्हणजे चाळणी. पहिल्याचं उत्तर चांगलं असायला हवं असं नाही, फक्त असायला हवं. दुसऱ्याला 'बहुतेक' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा.

एका वेळी एकाच ठिकाणी टाका आणि तीन दिवस थांबा. सगळीकडे एकदम टाकलंत तर वीस जणांना नकार देत बसाल, आणि नकार न देता गप्प बसणं हे त्याहून वाईट.

५. भेटा, मगच बोलवा

अनोळखी माणसाला थेट घरी बोलवू नका आणि त्याच्या घरी थेट जाऊही नका. पहिली भेट चारचौघांत, अर्ध्या तासाची, आणि आपण कुठे जातोय हे घरी कोणालातरी माहीत असू दे. ऑनलाइन असेल तर दहा मिनिटांचा कॉल. तेवढ्यात माइक चालतो की नाही हेही कळतं. गटात कोणी अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांशी बोलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

विचारायचं काय? यापूर्वी खेळला असाल तर तो गट का थांबला, हा माझा आवडता प्रश्न. 'मास्टरची बदली झाली', 'आम्ही सगळेच आळशी निघालो' ही निरोगी उत्तरं. प्रत्येक गोष्टीत दुसऱ्यांचीच चूक असेल, तर पुढच्या वेळी त्या दुसऱ्यांत तुमचा नंबर आहे. अर्ध्या तासात समोरच्याने तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, तर टेबलावरही तो कोणाचं ऐकणार नाही, असं धरून चाला. आणि फासे बेत बिघडवणारच; तेव्हा रडीचा डाव खेळणारा एक जण चार जणांची संध्याकाळ घालवतो.

माझी एक चूक सांगते. एकदा दोघांतून एकाला घ्यायचं होतं. एकाला नियम तोंडपाठ, आवाज भारदस्त, पात्रं एकाहून एक. दुसरी बाई म्हणाली, 'मला फारसं येत नाही, पण मी वेळेवर येईन.' मी पहिल्याला घेतलं. सहापैकी दोन डावांना तो आला, आणि त्या दोन्ही वेळा अप्रतिम खेळला. गट मोडला. पुढच्या वेळी त्या बाईंना फोन केला, तर त्या एव्हाना दुसऱ्या गटात रमल्या होत्या.

६. डावाआधीची बैठक

याला सगळे 'सेशन झिरो'च म्हणतात. गोष्ट सुरू करायच्या आधी तासभर बसून ठरवायचं: गंभीर की हलकंफुलकं, पात्रं मरू शकतात का, फोनचं काय, कोणी आलं नाही तर काय. शिवाय कुठले विषय नकोत, हे. रॉन एडवर्ड्स यांनी मांडलेली 'लाइन्स' (रेषा) आणि 'व्हेल्स' (पडदे) ही कल्पना इथे उपयोगी पडते. रेषेपलीकडचा विषय गोष्टीत येणारच नाही. पडद्याआडचा येईल, पण वर्णन न करता. हे तोंडी विचारलंत तर सगळे 'मला काही नाही चालत असं नाही' म्हणतात. चिठ्ठ्या द्या, नाव न घालता लिहायला सांगा. डाव चालू असताना नकोसं काही आलं, तर मध्ये ठेवलेल्या 'एक्स' लिहिलेल्या कार्डाला हात लावायचा, कारण सांगायचं नाही, मास्टर तो भाग वगळतो. ही जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांची युक्ती, आणि अनोळखी लोकांसोबत तर हवीच.

एकाच संध्याकाळचा डाव असेल तर हे सगळं दहा मिनिटांत उरकतं.

७. एकाचे तीन, मग पुढचं

पहिला डाव संपला की लगेच वर्षभराची मोहीम, म्हणजे डावामागून डाव चालणारी एकच लांब गोष्ट, जाहीर करू नका. 'आणखी तीन डाव, मग बघू' म्हणा. तीन डावांत कोणाचं कोणाशी जमतं ते दिसतं, आणि ज्याला निघायचं असेल त्याला मान खाली न घालता निघता येतं.

आता हजेरीचं गणित. समजा मास्टर धरून पाच जण, आणि प्रत्येक जण पाचपैकी चार वेळा मोकळा असतो. म्हणजे तसे सगळे चांगलेच नियमित. तरीही पाचही जण एकाच दिवशी हजर असायची शक्यता जेमतेम ३३ टक्के. 'सगळे आले तरच खेळू' म्हणणारा गट तीनदा ठरवतो आणि एकदा भेटतो, आणि मग हळूहळू ठरवणंही बंद होतं. त्याऐवजी 'मास्टर आणि चारपैकी कोणतेही तीन आले की डाव होणार' असं ठरवा. माणसं तीच, पण शक्यता बरोबर दुप्पट, ६५ टक्क्यांच्या वर. न आलेल्याचं पात्र त्या दिवशी तापाने फणफणलंय, किंवा घोड्यांपाशी थांबलंय. आमच्यात एक मांत्रिक इतक्या वेळा घोड्यांपाशी थांबला, की शेवटी घोड्यांनाही नावं आणि कॅरेक्टर शीट मिळाली.

बेन रॉबिन्स यांनी 'वेस्ट मार्चेस' नावाच्या आपल्या मोहिमेत याच्या पुढे जाऊन ठरलेला वारच काढून टाकला. दहा-बारा खेळाडूंचा मोठा समूह. कधी खेळायचं, कोणी यायचं आणि कुठे जायचं हे खेळाडूंनीच आपसांत ठरवून मास्टरला कळवायचं. तुमच्याकडे पाच नियमित माणसं नाहीत पण दहा अनियमित आहेत, असं असेल तर हे करून बघा. मास्टरला तयारी थोडी जास्त पडते.

तारखेबद्दल एवढंच: फासे गोळा करायच्या आधी, सगळे अजून खुर्चीत असताना पुढची ठरवा. घरी गेल्यावर ग्रुपवर विचारलेल्या 'मग कधी?'ला निळ्या टिका येतात, उत्तरं येत नाहीत.

८. जागा रिकामी झाली की

कोणीतरी जाणारच: नोकरी, परीक्षा, बाळ, कंटाळा. जाणाऱ्याच्या पात्राला एक बरा शेवट द्या, त्यासाठी शेवटच्या डावातली वीस मिनिटं राखून ठेवा. ज्याला तुम्हीच जायला सांगणार आहात, त्याच्याशी मात्र एकट्याने आणि थोडक्यात बोला. 'आपल्याला वेगवेगळा खेळ हवाय, मी पुढच्या डावापासून तुला धरत नाहीये' एवढं पुरे. टेबलावर सगळ्यांदेखत नको आणि ग्रुपमधून गुपचूप काढून टाकणं तर नकोच.

आणि एक वही ठेवा. ज्यांना जागा नव्हती म्हणून नाही म्हणालात, ज्यांना शनिवार जमत नव्हता, जे एकाच डावाला आले पण हसत गेले, त्यांची नावं आणि मोकळे वार तिच्यात लिहून ठेवा. माझ्या वहीत सध्या नऊ नावं आहेत. चौघांचा बुधवार मोकळा आहे.